आधी अंदाज, मग रीत

१२/१३ + ७/८. बेरीज करायची नाही, उत्तर साधारण किती येईल एवढेच सांगायचे. पर्याय चार: १, २, १९ आणि २१.

दोन्ही अपूर्णांक एकाहून जेमतेम कमी आहेत, म्हणजे बेरीज दोनच्या आसपास येणार. त्यासाठी लसावि काढायला नको, छेद समान करायला नकोत, कागदसुद्धा नको. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांना विचारला, तेव्हा '२' हा पर्याय फक्त २४ टक्के मुलांनी निवडला. निम्म्याहून जास्त मुले १९ किंवा २१ वर गेली. १९ ही अंशांची बेरीज आणि २१ ही छेदांची.

या मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवलेलीच नव्हती, असे नाही. अडचण त्याच्या आधीची होती. १२/१३ ही एक संख्या आहे, तिला स्वतःचे आकारमान आहे, ती शून्य आणि एक यांच्यामध्ये कुठेतरी बसते, हे त्यांना दिसतच नव्हते. त्यांना दिसत होत्या बारा, तेरा, सात आणि आठ अशा चार सुट्या संख्या. मग त्यातल्या सोयीच्या दोन उचलून मिळवायच्या.

आपल्याकडे व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी ही तीन वेगळी प्रकरणे म्हणून येतात आणि प्रत्येक प्रकरणाखाली उदाहरणांची रांग असते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली की रांग आणखी लांबते. सरावाला विरोध असण्याचे कारण नाही, त्यावाचून गणित येत नाही. प्रश्न आहे सराव कशाचा, हा. रीत गिरवण्याचा सराव भरपूर होतो. संख्या किती मोठी आहे, ती कुठे बसते, उत्तर साधारण किती यायला हवे, याचा सराव जवळजवळ होतच नाही. खरे तर तो आधी व्हायला हवा.

हा विषय पाचवी-सहावीपुरता नाही. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडला. दहाव्या वर्षाच्या आसपास ज्याला अपूर्णांक आणि भागाकार समजलेले असतात, त्याचे पुढे माध्यमिक शाळेतले बीजगणित आणि एकूण गणितही चांगले असते. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला.

जुन्या सवयी, नव्या संख्या

पहिली ते चौथी मूल पूर्ण संख्यांशी खेळते आणि काही नियम न सांगताच मनाशी ठरवून टाकते. जास्त अंकांची संख्या मोठी. गुणाकाराने संख्या वाढते, भागाकाराने कमी होते. तीननंतर चार, मध्ये काही नाही. एक संख्या एकाच प्रकारे लिहितात.

अपूर्णांक आले की हे चारही नियम एका झटक्यात मोडतात. ८ ला ०.५ ने गुणले तर ४ येतात, भागले तर १६. ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये ०.३१ आहे, ०.३५ आहे, ०.३९९ आहे आणि ही यादी संपतच नाही. अर्धा म्हणजे १/२, २/४, ०.५, ०.५० आणि ५० टक्के. मुलाने चार वर्षे मेहनतीने मिळवलेले ज्ञान इथे आडवे येते, आणि हे बदललेले नियम कोणी त्याला स्पष्ट सांगत नाही. 'आठपेक्षा चार लहान, मग १/८ पेक्षा १/४ मोठा कसा?' असे विचारणारे मूल निष्काळजी नसते. ते जुना नियम इमानेइतबारे पाळत असते.

भागाकाराचे उदाहरण पाहू. ३ ÷ १/२ म्हटले की 'उलटा करून गुणा' ही रीत तयार असते आणि उत्तर ६ येते. पण तीनला भागून सहा कसे आले, हे विचारले तर वर्ग गप्प होतो. तेच तीन किलो पोह्यांच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या किती पिशव्या भरतील, असे विचारा. सहा हे उत्तर तोंडी येते, आणि ते तीनपेक्षा मोठे का, हे वेगळे समजवावे लागत नाही.

कशाचा अर्धा?

१/२ + १/३ = २/५. ही चूक प्रत्येक शिक्षकाने शेकडो वेळा पाहिलेली असते आणि तितक्याच वेळा तिच्यावर लाल फुली मारलेली असते. या चुकीकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

समजा, एका मुलीने पहिल्या चाचणीत २ पैकी १ प्रश्न बरोबर सोडवला आणि दुसऱ्या चाचणीत ३ पैकी १. दोन्ही मिळून तिचे ५ पैकी २ प्रश्न बरोबर आले. इथे २/५ हे अगदी योग्य उत्तर आहे! म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे हा मुळात वेडेपणा नाही, व्यवहारात तसे हिशेब होतात. फरक 'पूर्ण' कशाला म्हटले आहे, यात आहे. चाचण्यांमध्ये पहिल्या वेळी पूर्ण म्हणजे दोन प्रश्न, दुसऱ्या वेळी तीन, शेवटी पाच. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र पूर्ण बदलत नाही. एकाच भाकरीचा अर्धा आणि त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा, हे एकत्र किती होतात ते काढायचे असते. त्यासाठी दोघांनाही मोजता येईल असा तुकडा लागतो. सहावा हिस्सा घेतला की अर्ध्यात तीन बसतात आणि तिसऱ्या हिश्श्यात दोन, मिळून ५/६. समच्छेद करणे म्हणजे एवढेच.

अंदाजाची सवय असेल तर ही चूक वहीवर उतरण्याआधीच पकडली जाते. २/५ हे अर्ध्याहून कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे कसे शक्य आहे?

नेदरलँड्सच्या लेन स्ट्रीफलंड यांनी अपूर्णांक शिकवण्याची सुरुवातच वाटणीपासून केली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही वाटणी आणि मापन या दोन वाटांनी अपूर्णांक शिकवण्यावर काम झाले आहे. ही पद्धत कशी चालते ते पाहा. तीन भाकऱ्या चार मुलांत सारख्या वाटायच्या आहेत. एक गट प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करतो आणि प्रत्येकाला तीन तुकडे देतो. दुसरा गट दोन भाकऱ्या अर्ध्या-अर्ध्या करतो, तिसरीचे चार तुकडे करतो आणि प्रत्येकाला एक अर्धी आणि एक पाव देतो. वाद होतो, तुकडे जुळवून पाहिले जातात आणि दोन्ही वाटण्या पाऊण भाकरीच्याच निघतात. एका प्रश्नातून तीन गोष्टी हाताला लागल्या: ३ ÷ ४ म्हणजेच ३/४; १/२ + १/४ = ३/४; आणि १/४ तीनदा घेतला की ३/४.

आता पुढचा प्रश्न: चार भाकऱ्या पाच मुलांत वाटल्या तर वाटा मोठा होईल की लहान? इथे छेद समान न करताही उत्तर मिळते. पहिल्या वाटणीत प्रत्येकाला पूर्ण भाकरीला पाव हिस्सा कमी पडतो, दुसरीत पाचवा हिस्सा. पाचवा हिस्सा पावपेक्षा लहान, म्हणजे तूट कमी, म्हणजे ४/५ मोठा.

भाकरीच्या किंवा वर्तुळाच्या चित्रावर फार काळ अडकूनही चालत नाही. एकाच वर्तुळात ५/४ रंगवायला सांगा, मूल थबकते, कारण चित्राने त्याला शिकवलेले असते की अपूर्णांक म्हणजे एकाहून लहान तुकडा. संख्यारेषेवर ५/४ ला एकच्या थोडे पुढे हक्काची जागा असते. अपूर्णांक ही संख्या आहे हे मुलाला पटते ते तिथे.

टिंब सगळीकडे सारखे नसते

दशांशाची कल्पना वरवर सोपी आहे. एकक, दशक, शतक डावीकडे दहापट होत जातात, तसेच उजवीकडे दहावा हिस्सा, शंभरावा हिस्सा असे उतरत जायचे. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी याने दशांश अपूर्णांक वापरले. युरोपात १५८५ साली सायमन स्टेविन या अभियंत्याने छोटी पुस्तिका लिहून त्यांचा प्रसार केला. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपे मापणारे अशा लोकांसाठी ती होती. नाणी आणि मापेही दशमान असावीत, असा त्याचा आग्रह होता.

मुले मात्र इथे दोन ठरावीक प्रकारे अडखळतात. मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी हजारो शाळकरी मुलांची उत्तरे तपासून या चुकांची वर्गवारी केली. एका गटाला वाटते, जास्त अंक असलेली संख्या मोठी: ०.३५ हा ०.७ पेक्षा मोठा, कारण ३५ हे ७ पेक्षा मोठे. दुसऱ्या गटाला नेमके उलट वाटते. शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, एवढे त्यांनी ऐकलेले असते. त्यामुळे दोन स्थळे असलेली कोणतीही संख्या त्यांना एका स्थळाच्या संख्येपेक्षा लहान वाटते.

गंमत अशी की चुकीच्या समजातूनही बरोबर उत्तरे येतात. '०.४ आणि ०.३५ यांत मोठी कोणती?' हे विचारा. दुसऱ्या गटातले मूल ०.४ सांगेल, शिक्षक खूश. '०.७५ आणि ०.६' विचारा, आता पहिल्या गटातले मूल ०.७५ सांगेल, शिक्षक पुन्हा खूश. दोन्ही जोड्या एकाच मुलाला विचारल्या तरच त्याचा समज उघडा पडतो. सरावासाठी उदाहरणे निवडताना ही काळजी घेतली, तर चार उदाहरणेही चाळीसांचे काम करतात.

पहिला गोंधळ वाढवायला आपला व्यवहारही हातभार लावतो. ३.०५ रुपये हे 'तीन रुपये पाच पैसे' असे वाचले जाते, म्हणजे टिंबाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पूर्ण संख्या. मग मूल तीन रुपये पाच पैसे ३.५ असेही लिहून टाकते. त्याहून मोठे फसवे टिंब क्रिकेटमध्ये आहे. धावफलकावर ४.३ षटके दिसतात, ती चार पूर्णांक तीन दशांश नव्हेत. चार षटके आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटके. ३६ धावा ४.३ षटकांत झाल्या असतील तर धावगती ३६ ÷ ४.५, म्हणजे बरोबर ८. कॅल्क्युलेटरवर ४.३ ने भागणाऱ्याला ८.३७ मिळते. षटकात चेंडू सहाच, म्हणूनच ४.५ नंतर ४.६ येत नाही, सरळ ५ येतात. उंची ५.४ फूट म्हणजे पाच फूट चार इंच, दशांशात साधारण ५.३३. वेळ २.३० म्हणजे अडीच तास, २.३ तास नव्हे.

या टिंबांना वर्गात आणले पाहिजे. क्रिकेटवेड्या पाचवीच्या वर्गाला 'फलकावरचे ४.३ आणि गणितातले ४.३ यांत मोठे कोणते?' असे विचारले की निम्मा तास कुठे जातो कळत नाही. शेवटी मुलेच सांगतात की एका ठिकाणी षटकाचे सहा भाग आहेत, दुसऱ्या ठिकाणी एकाचे दहा. दशांश म्हणजे काय, हे याहून स्वच्छ कुठल्या व्याख्येत सापडणार?

पावकी-निमकीचा वारसा

रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तेव्हा अपूर्णांक हा शाळेतला धडा नव्हता, तो बाजारहाटाचा भाग होता. मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करत. हिशेबात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. जुन्या मराठी पुस्तकांत १॥ असे छापलेले दिसते, ते दीड.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. स्टेविनची जुनी इच्छा आपल्याकडे पुरी झाली आणि हिशेब सोपे झाले. पण पाव-अर्ध्याशी रोज पडणारी गाठही हळूहळू सुटली. २५ पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेले. आज मुलाच्या हातात रुपयाचा पाव हिस्सा कधी येतच नाही.

ते पाढे जसेच्या तसे परत आणावेत असे नाही. त्यात तिसरा किंवा सातवा हिस्सा नव्हता आणि बरीचशी घोकंपट्टी होती. पण त्यांच्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड या संख्या डोक्यात पक्क्या ठाण मांडून बसत, आणि कोणतीही अनोळखी संख्या त्यांच्या जवळ आहे की लांब, हे चटकन कळे. अंदाजाला अशी ठाणी लागतात. आजही भाजीवाला 'पाऊण किलो' म्हणतो आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.७५० उमटते. जी पाऊणकी, तोच दशांश, तेच ७५ टक्के. ४८ चा पाऊण ३६ हे ज्याला तोंडी येते, त्याला ४८ चे ७५ टक्के काढायला सूत्र लागत नाही.

शंभराला किती?

दर शंभरामागे मोजण्याची पद्धत जुनीच. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त व्याजाचे एक उदाहरण आहे. महिन्याला शंभरामागे ५ व्याज असेल, तर १६ वर वर्षाचे व्याज किती, असे त्यात विचारले आहे. उत्तर ९ पूर्णांक ३/५, म्हणजेच ९.६. आजच्या सहावी-सातवीच्या मुलालाही हे उदाहरण घालता येईल.

शेकडेवारीत खरी अडचण आकडेमोडीची नसते, 'कशाचे टक्के' हा प्रश्न सुटून जातो ही असते. दुकानावर '५० टक्के + २० टक्के सूट' अशी पाटी असते. मूलच काय, मोठा माणूसही ७० टक्के सूट समजून आत जातो. हजाराच्या कपड्यावर आधी पन्नास टक्के उतरले, राहिले ५००. पुढचे वीस टक्के या ५०० वर, म्हणजे १०० रुपये. द्यायचे ४००, सूट ६० टक्के. तसेच ५०० रुपयांची वस्तू वीस टक्क्यांनी महागली तर ६०० ची होते, पण मग वीस टक्क्यांनी स्वस्त झाली तर ४८० ची होते, ५०० ची नव्हे. दोन्ही वेळचे 'पूर्ण' वेगळे होते. दोन चाचण्यांच्या उदाहरणात जी गोम होती, तीच इथेही आहे.

आकडेमोडीसाठी ५०, २५, १०, ५ आणि १ टक्का ही ठाणी पुरतात. २४० चे ३५ टक्के हवेत? दहा टक्के २४, तिप्पट ७२, पाच टक्के १२, एकूण ८४. २५ चे १६ टक्के अवघड वाटतात, पण ते १६ च्या २५ टक्क्यांइतकेच असतात, म्हणजे १६ चा पाव, ४.

शेकडेवारी शेवटी शिकवावी हा क्रमही काही पवित्र नाही. टोरांटोच्या जोन मॉस आणि रॉबी केस यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौथीच्या मुलांना आधी टक्के शिकवले. भांड्यात पाणी किती टक्के भरले आहे, याचा अंदाज करायचा. मग दशांश आणि शेवटी व्यवहारी अपूर्णांक. ही मुले नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून उत्तरे देत होती आणि पूर्ण संख्यांच्या सवयींना कमी भुलत होती. आपल्याकडचे मूल तर शाळेत जाण्याआधीच मोबाइलची बॅटरी किती टक्के उरली ते वाचते. त्या ओळखीचा उपयोग वर्गात का करू नये?

रोजची दहा मिनिटे

या सगळ्याचा सराव घ्यायला वेगळा तास लागत नाही. वर्गात आडवी दोरी बांधा, एका टोकाला ०, मध्ये १, दुसऱ्या टोकाला २. मुलांना चिठ्ठ्या द्या: ३/४, ०.७५, ७५ टक्के, १.२, ५/४, १२० टक्के, ०.०८, ७/८. प्रत्येकाने आपली चिठ्ठी चिमट्याने योग्य जागी लावायची आणि तिथेच का, ते सांगायचे. ३/४, ०.७५ आणि ७५ टक्के एकाच चिमट्यात येतात, १.२ आणि १२० टक्केही. ०.०८ लावणारा बहुधा ७/८ च्या शेजारी जातो, आणि वर्गाला बोलायला विषय मिळतो.

दुसऱ्या दिवशी शंभर चौकटींचा कागद. ०.३ × ०.२ = ०.०६ हे उत्तर का, ते दाखवायचे. तीन उभे स्तंभ एका रंगाने, दोन आडव्या ओळी दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग जिथे आले त्या चौकटी सहा, शंभरातल्या सहा. ०.६ असे उत्तर देणारा आपली चूक स्वतःच पाहतो. तिसऱ्या दिवशी चुकीची सोडवलेली उदाहरणे द्या आणि न सोडवता, फक्त अंदाजाने, चुकलेली ओळखायला सांगा. चौथ्या दिवशी उलट काम: २.५ × ०.४ हे उदाहरण देऊन त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगा. आठवड्यातून एकदा तिन्ही प्रकरणांची सरमिसळ करा. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने दिली की मूल पहिल्यात ठरवते आणि उरलेली एकोणीस हाताने सोडवते. कुठे काय वापरायचे, हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

पालकांनाही यात पडता येईल. 'उत्तर बरोबर आले का?' या प्रश्नाच्या जागी 'उत्तर एकापेक्षा मोठे येईल की लहान?' हा प्रश्न गणित सोडवण्याआधी विचारावा. त्यासाठी स्वतःला उत्तर येत असलेच पाहिजे असे नाही.

यात परीक्षेचे नुकसान होते का? उलटच. ४.९८ × ७.१ चे पर्याय ३.५३५८, ३५.३५८ आणि ३५३.५८ असतील, तर पूर्ण गुणाकार करून दशांशस्थळे मोजणारा मुलगा मिनिटभर गुंततो, आणि एखादे स्थळ चुकले तर मिनिटही जाते आणि गुणही. ज्याने आधी अंदाज केला त्याला माहीत असते की हे साधारण ५ × ७ आहे, उत्तर ३५ च्या जवळ येणार, म्हणजे पर्याय दुसरा. उरलेल्या वेळात तो हवे तर गुणाकारही करून पाहू शकतो. तेव्हा रीत त्याचा अंदाज तपासत असते आणि अंदाज रीतीवर लक्ष ठेवून असतो.